माझा बाप तारेच्या आत होता

विनिपेग, ३ सप्टेंबर

गुरुदत्त,

आशीर्वाद आहेत. ते भांडणावर अवलंबून नसतात, म्हणून आधीच देऊन टाकते.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तर "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. रविवारी सकाळीसुद्धा तुझी मीटिंग असते. म्हणून कागद घेतला. फोन मधेच कापता येतो, कागद फाडायला आधी हातात तरी घ्यावा लागतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर आले तर. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. या अक्षराकडून तू पहिली बाराखडी शिकलास.

उत्कर्षा मला नीट ठेवते. माझ्या थोरल्या बहिणीची नात, पण तुझ्या वाटणीचंही तीच करते. हॉस्पिटलातून बारा तास उभी राहून येते आणि वर मला विचारते, आजी पाय दाबू का. मी इथं हवापालटाला आलेय असं तिला सांगितलं. तू काढलेलं तिकीट येण्याचंच आहे, जाण्याचं नाही, हे तिनं फोनवर बघितलं असणार. पोर शहाणी आहे, काही बोलली नाही.

त्या दिवसाचं तुझ्या मनात एक असेल, माझ्या मनात एक. माझं सांगते.

केयाचा नीलशी साखरपुडा झाला, दोन्ही घरं मिळून बॅन्फला डोंगर बघायला जाऊ म्हणालात. मला डोंगर बघायची हौस नव्हती. पण केया म्हणाली, "आज्जी, यू हॅव टू कम," म्हणून आले. नील पोरगा चांगला आहे, माझी पिशवी न सांगता धरतो. त्याच्या बापाला, डॉक्टरसाहेबांना, पाट्या वाचायचा नाद. रस्त्यात दिसेल ती पाटी वाचायची आणि सगळ्यांना उभं करून समजावायची. निवृत्त डॉक्टरला पेशंट लागतोच.

त्यांनीच ती टूर घेतली. त्या उंच डोंगराखाली, हमरस्त्यापासून थोडं आत, एका माणसाचा पुतळा. शेजारी तीन भाषांतली पाटी. ती गाईड मुलगी बोलत होती आणि केया माझ्या कानात तिच्या मराठीत सांगत होती. पहिल्या महायुद्धाच्या वेळची गोष्ट. युक्रेनकडून शेती करायला आलेली माणसं. सरकार म्हणालं, तुम्ही शत्रूच्या मुलखातले. नाव नोंदवा, कागद जवळ ठेवा, ठाण्यावर येऊन तोंड दाखवा. ज्याला काम नाही, जो न विचारता गाव सोडतो, त्याला धरा. इथं तार लावली, तंबू ठोकले, बर्फात ठेवलं आणि आपण ज्यावरून गाडीनं आलो तसले रस्ते त्यांच्याकडून करून घेतले.

केया म्हणाली, "आज्जी, दे वर नॉट क्रिमिनल्स. त्यांनी काही नाही केलं होतं. ते फक्त... ते होते."

पोरीला मराठी येत नाही असं तू म्हणतोस. याहून चांगलं मराठी मला कुणी सांगितलं नाही.

मग गाडीत बसायच्या आधी त्या मुलीनं माणसं मोजायला नावं घेतली. अंगावर तो सरकारी डगला, हिरवट खाकी. हातात फळी. मी बाकावर बसले होते. ती म्हणाली, "जादाव, बागाबाई?"

आणि मी उभी राहिले. बूट पायातून निघाले, डोळे जमिनीवर गेले, हात जोडले गेले आणि तोंडातून आलं, "हजर, साहेब."

ऐंशी पार झाल्यावर गुडघे मला विचारल्याशिवाय उठत नाहीत, वर येताना शंभर तक्रारी करतात. त्या दिवशी एकही केली नाही. मेले तिथंच राहिलेत अजून, सोलापूरला, ओळीत.

सगळे हसले. ती गाईड म्हणाली, "ओ, शी इज सो क्यूट." आणि डॉक्टरसाहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही तर अगदी आमच्या सोलापूरच्या सेटलमेंटसारखी हजेरी दिलीत!" वर नीलला समजावायला लागले. आमच्या गावात असंच होतं बरं का, बार्ब्ड वायर, रोल कॉल, सेम थिंग. पण ते खरे गुन्हेगार होते, जन्मजात. इथले हे बिचारे इनोसंट.

तू माझ्याकडे बघितलंस. डोळ्यांनी "नको" म्हणालास. तुझा बाप असाच बघायचा, पोलीस दारात आला की.

मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी त्याच तारेच्या आत जन्मले. जन्मले तेव्हा माझ्या मुठीसुद्धा उघडत नव्हत्या, चोरी कशानं करणार?"

एवढंच बोलले मी. शिवी दिली नाही, रडले नाही. तू म्हणालास, "आईला उंचीवर त्रास होतो." मला कसलाही त्रास होत नव्हता. उलट इतका मोकळा श्वास मी या देशात पहिल्यांदा घेतला.

तुझी आई


२२ सप्टेंबर

गुरुदत्त,

सुनेत्राचा फोन आला होता. ती बोलताना चार वेळा नाक ओढत होती, सर्दी नव्हती. तिच्यावर माझा राग नाही. लग्नाआधी तू तिला खरं सांगितलं होतंस आणि तिनं तरी तुला केलं, हे मी विसरले नाही. तू एवढं एक धाडसाचं काम आयुष्यात केलंस.

तिनं मला सांगितलं, त्या संध्याकाळी हॉटेलात तू डॉक्टरसाहेबांना काय सांगितलंस.

"तिचे वडील सेटलमेंटमध्ये नोकरीला होते. गार्ड. क्वार्टर तारेच्या आत होतं, म्हणून ती तिथं जन्मली."

मी सुनेत्राला दोनदा म्हणायला लावलं. मला वाटलं, कान गेले माझे.

अरे, तू माझ्या बापाला तारेबाहेर नेलंस आणि त्याला खाकी कपडे घातलेस! मेलेला माणूस, त्याला कपडे काढता येत नाहीत. ज्याच्या काठीचा वळ त्याच्या पाठीवर होता, त्याचीच काठी त्याच्या हातात दिलीस. आपण जाधव, लोक आपोआप वरच्या रांगेत बसवतात, तू बसलास, मी काही बोलले नाही. कुणी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस, ठीक. डॉक्टरसाहेबांनी पहिल्या भेटीत विचारलं, "मावशी, कुठल्या पेठेतल्या तुम्ही?" आणि मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "सात रस्त्याजवळ." मी शेंगाची चटणी वाढत राहिले. त्यांनी तीनदा मागितली आणि म्हणाले, ही खरी गावाकडची चव. माझ्या मनात आलं, चव कुठल्या तारेच्या आतली आहे ते जिभेला कळत नाही, बरं आहे.

पण बाप बदललेला मला चालणार नाही.

तुला तो आठवत नाही. तू रांगत होतास तेव्हा गेला. म्हणून ऐक. आम्ही कैकाडी, टोपल्या आणि कणग्या विणणारी माणसं. गावोगाव फिरून विणायचो, फिरतो म्हणून चोर. इंग्रज सरकारनं धरून सोलापूरला तारेत घातलं. तार तिहेरी होती. सकाळी हजेरी, गिरणीतून आलं की हजेरी. माझ्या आजीला बहिणीच्या घरी जायला पास लागायचा, आणि बहीण मेली तेव्हा पास दुसऱ्या दिवशी मिळाला. लेकरांनाही ओळीत उभं करायचे. मी चालायला आधी शिकले की हात जोडायला, आईला आठवत नव्हतं.

तार निघाली तेव्हा मी सात-आठ वर्षांची. लोक नाचले, गुलाल उधळला. माझा बाप नाचला नाही. जिथं तार तोडली होती तिथून तो बाहेर गेला, थोडा उभा राहिला, परत आत आला. परत बाहेर गेला. परत आत. आई ओरडली, "अहो, खुळे झालात का?" तो म्हणाला, "बघतोय, कुणी विचारतंय का." दिवसभर आत-बाहेर करत होता. कुणी विचारलं नाही. संध्याकाळी घरी आला आणि भाकरी मागितली.

तो माणूस तू गार्ड केलास.

सुनेत्रा म्हणते, डॉक्टरसाहेब फोन करणार आहेत. ते विचारतील, तेव्हा मी फक्त "हो" म्हणायचं. मग तू तिकीट पाठवशील आणि मला केयाच्या लग्नाला येता येईल. तुळशीचं लग्न झाल्यावरचा मुहूर्त धरलाय, मिसिसागाचा हॉल ठरलाय, मेंदीवाली ठरलीय, फक्त आजीचा बाप ठरायचा राहिलाय.

मी सुनेत्राला काय उत्तर दिलं ते तिनं तुला सांगितलं नसेल. बाई सभ्य घरातली आहे. मी इथंही लिहीत नाही, पोस्टातली माणसं वाचतील.

आई


१३ ऑक्टोबर

गुरुदत्त,

आज इथं थँक्सगिव्हिंग. उत्कर्षाला सुट्टी नाही. मी आणि शेजारची डोरीन, दोघी म्हाताऱ्या जेवलो. तिनं पिरोगी आणली होती. करंजीची धाकटी बहीण समज, आत बटाटा. मी भाकरी आणि ठेचा केला. तिनं ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत मागितला. चांगली बाई आहे.

आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. मला "गुड", "कोल्ड" आणि "नो" येतं, तिला "नमस्ते" आणि "चाय". त्यात आमचं दिवसभर चालतं. खरं बोलायचं असलं की उत्कर्षाची वाट बघतो.

परवा उत्कर्षानं तिला आपली बॅन्फची गोष्ट सांगितली. डोरीन म्हणाली, तिचा आजोबा तसल्याच एका छावणीत होता. सुटला, विनिपेगला आला, लोहमार्गावर काम केलं. पुढं तिच्या बापाला नोकरी मिळेना, म्हणून त्यानं आडनाव बदललं. इंग्रजांसारखं केलं. पोरांना सांगितलंच नाही. बाप गेल्यावर आत्यानं सांगितलं, तेव्हा डोरीन पन्नाशीची होती. आता जुनं आडनाव तिला कळलंय, पण तिला ते म्हणता येत नाही. तिनं म्हणून दाखवलं. मग हसली आणि म्हणाली, चुकलं असेल, दुरुस्त करायला आता कुणी उरलं नाही.

उत्कर्षा म्हणाली, "बापानं का लपवलं म्हणे?"

डोरीन म्हणाली, "ही वॉज अशेम्ड."

मी उत्कर्षाला म्हटलं, तिला विचार, ज्यानं तार लावली तो लाजला का कधी?

डोरीननं बशी बाजूला सारली. म्हणाली, "नो वन एव्हर वॉज."

तू उत्कर्षाच्या फोनवर पाठवलेला निरोप तिनं वाचून दाखवला. "आईला सांग, इथे कुणाला काही कळत नाही, उगाच जुनं उकरू नकोस. मी इतक्या लांब का आलो ते तिला माहीत आहे."

माहीत आहे, लेका. मला नाही तर कुणाला माहीत असणार? कॉलेजात कुणाची तरी सायकल गेली. वर्गात चाळीस पोरं. पोलीस आला आणि पत्ता विचारून तुला घेऊन गेला. परीक्षेच्या आदल्या दिवशी. मी ठाण्याच्या पायरीवर बसले. फौजदार म्हणाला, बाई, जा घरी. मी म्हणाले, पोरगं घेऊन जाते. तो म्हणाला, सवय असते तुमच्यातल्यांना. सकाळी सायकल प्राचार्यांच्या भाच्याकडे सापडली. कुणी माफी मागितली नाही. तू तसाच परीक्षेला गेलास, आणि पहिला आलास. त्या दिवसापासून तू कुणालाही पत्ता खरा सांगितला नाहीस.

मला वाटायचं, जाऊ दे, पोरगं वाचलं. लांब गेलं की सुटेल. पण मी बघतेय, तू कुठं सुटलास? ओकव्हिलच्या त्या डॉक्टरसमोर तू बसतोस तेव्हा तुझी पाठ बघावी. खुर्चीच्या कडेला बसतोस, सही घ्यायला आल्यासारखा. घर तुझं, गाडी तुझी, पोरगी त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेली, आणि बसतोस कडेला. माझे गुडघे उठले तर सगळे हसले. तुझी पाठ रोज उठते, ती कुणाला दिसत नाही.

ते जाऊ दे. दुसरं सांगते. नदीकाठी लाल फांद्यांची झुडपं आहेत. पानं गळाली की नुसत्या लाल काड्या उभ्या. मी एक वाकवून बघितली, मोडली नाही. डोरीन म्हणाली, इथले मूळचे लोकही याच्या टोपल्या करतात. आम्ही दोघींनी पिशव्या भरून आणल्या. उत्कर्षाच्या टबमध्ये भिजत घातल्यात. बिचारी हॉस्पिटलात अंघोळ करून येते.

साठ वर्षं वीण धरली नव्हती. तुझ्या बापाला गिरणीत नोकरी लागली तेव्हा हात धुऊन टाकले होते. पहिलं बूड वाकडं आलं, उसवलं. दुसरंही उसवलं. तिसरं बसलं.

कुणासाठी विणतेय ते तुला सांगत नाही.

आई


५ नोव्हेंबर

गुरुदत्त,

डॉक्टरसाहेबांचा फोन आला. आता तुला घाम फुटेल. पाणी पी आणि वाच.

मी स्वयंपाकघरात होते. उत्कर्षानं फोन हातात दिला आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली, मी पडले तर धरायला असेल.

ते म्हणाले, "मावशी, नमस्कार. तब्येत कशी आहे? त्या दिवशी माझ्याकडून जरा... म्हणजे तुम्हाला लागलं असेल तर."

मी म्हणाले, "लागलं तर होतंच."

"गुरुदत्त म्हणाले, तुमचे वडील तिथं नोकरीला होते. मला आधी कळलं असतं तर मी तसं बोललो नसतो."

बघ, किती सोपं होतं. नुसतं "हो". मराठीत याहून लहान शब्द नाही. तो म्हटला की तिकीट, लग्न, केयाच्या हातावरची मेंदी, सगळं मिळणार होतं. मला केयाला बोहल्यावर बघायचं आहे रे. तेही तुला लिहून ठेवते. तिच्या जन्माच्या वेळी व्हिसा नाही म्हणून येता आलं नव्हतं.

मी म्हणाले, "माझा बाप आत होता, डॉक्टरसाहेब. नोकरी नाही, कैद. त्याचा बापही आत होता. आम्ही कैकाडी."

ते म्हणाले, "मग गुरुदत्त जे म्हणाले..."

"त्याचं त्याला विचारा. माझ्या बापाचं मी सांगते."

मग म्हणाले, "आम्हाला लहानपणी भीती घालायचे, मावशी. वेळेवर घरी या, नाहीतर सेटलमेंटवाले नेतील. मी जन्मलो तेव्हा तार निघाली होती. तरी भीती होतीच."

मी म्हणाले, "आम्हालाही घालायचे. गप बसा, नाहीतर गावातले येतील. कुणाची भीती खरी ठरली ते तुम्हीच बघा."

उत्कर्षानं तोंडावर हात धरला.

ते म्हणाले, "मला... मला तसं म्हणायचं नव्हतं. नीलला याचा काही फरक पडत नाही, बरं का. आजकालची मुलं."

"नीलला नाही पडत. तुम्हाला पडतो का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. खोटं बोलले नाहीत, एवढी त्यांची बाजू मी धरते. "बरं, काळजी घ्या" म्हणाले आणि ठेवला.

मी तुला खोटारडा म्हणाले नाही, हे ध्यानात ठेव. आणि मी तुझं खोटं खरंही केलं नाही. या दोन्हींच्या मधे जेवढी जागा होती तेवढ्यात मी उभी राहिले. आता बाकीचं तुझं.

त्यानंतर मी टोपली विणायला बसले.

आई


१८ नोव्हेंबर

गुरुदत्त,

इथं बर्फ पडलं. डोरीन फावड्यानं ते बाजूला सारते, मी खिडकीतून "गुड, गुड" म्हणते.

केयानं परवा फोनवर काय झालं ते सांगितलं. तू सांगणार नव्हतास, म्हणून मी तिच्याकडून घेतलं. डॉक्टरसाहेब घरी आले होते. तुम्ही सगळे बसला होतात. त्यांनी तुला विचारलं आणि तू म्हणालास, "आईचं वय झालंय, तिची गल्लत होते."

केया म्हणाली, मग ती उठली. "डॅड, व्हाय आर यू लाइंग अबाउट माय ओन फॅमिली?" तू म्हणालास, तुला कळत नाही, तुझ्यासाठीच करतोय. ती म्हणाली, "फॉर मी? आय वॉज स्टँडिंग राइट देअर. मी आज्जीला सांगत होते, दे डिड नथिंग राँग. मी तिला सांगत होते, डॅड. तिला!"

मग ती रडली म्हणे. आणि नील त्याच्या बापाला म्हणाला, बाबा, पाट्या वाचणं पुरे झालं, आता घरी चला.

लग्न आहे. त्याच तारखेला आहे. डॉक्टरसाहेब येणार आहेत, हसतील की नाही ते त्यांचं तोंड जाणे. मी कुणाला हसवायला येत नाही.

केयानं माझं तिकीट काढलंय. तिच्या पगारातून, आणि येण्या-जाण्याचं. वर विचारते, "आज्जी, रुखवतात तू काय ठेवणार?" रुखवत हा शब्द तिनं सुनेत्राकडून पाठ करून घेतलाय. मी म्हणाले, टोपली. म्हणाली, "लाइक, युअर डॅड्स?" मी म्हणाले, हो. माझ्या बापासारखी.

नंतर तुझा निरोप आला. उत्कर्षानं वाचला, पण आवाज जरा बारीक करून. "आईला म्हणावं, ये. एअरपोर्टवर मी येतो. फक्त ती टोपली आणू नको म्हणावं. लोक विचारतील."

विचारतील म्हणूनच आणतेय. चौथी विणलेली. बूड गोल, काठ दुहेरी, फांद्या लाल. उत्कर्षा म्हणते, सुंदर आहे. सुंदर नाही, मजबूत आहे, त्यात माणूस बसला तरी उसवणार नाही. रुखवतात सप्तपदीची बाहुली असेल, साखरेची देवळं असतील, पुण्याहून मागवलेलं काय काय असेल. त्यांच्या मधोमध ही ठेवायची. कुणी केली त्याची चिठ्ठी लावतात ना, माझी मी लिहून ठेवलीय. "भागाबाई जाधव, कैकाडी, सेटलमेंट, सोलापूर." उत्कर्षाकडून शुद्धलेखन तपासून घेतलं, म्हणजे तुला तेवढंही बोलायला जागा नाही.

तू विमानतळावर ये. टोपली हातात घेऊन गाडीपर्यंत तू चाल. जड नाही. लोक बघतील, बघू देत. तुझा आजोबा त्या तुटलेल्या तारेतून दिवसभर आत-बाहेर करत होता, कुणी विचारतंय का बघायला. तूही एकदा करून बघ.

आणि न आलास तर केया येईल. मी तिच्याबरोबर येईन. आशीर्वाद तुला तसेच राहतील, फक्त तू ते घ्यायला वाकशील की नाही तेवढं तुझ्याकडे राहील.

एक शेवटचं. हॉलमध्ये पहिल्या ओळीत खुर्ची माझी. डॉक्टरसाहेब, त्यांचे पाहुणे, तुझ्या ऑफिसातले साहेब, कुणी येऊन विचारलं की सेटलमेंटची भागाबाई ती कोण, तर मी उठणार नाही. बूट काढणार नाही. गुडघ्यांना मी आतापासून बजावून ठेवलंय.

बसल्या जागेवरून सांगेन, "मी."

तुझी आई
भागाबाई